चावीवाल्याचा पहिला ग्लास

विठ्ठलवाडीला आमच्या गल्लीचा पहिला नळ आमचा. पाणी सोडणारा चावीवाला रोज सकाळी तिथे यायचा, बगलेत लांबलचक लोखंडी चावी. धार आली की ग्लास भरायचा, सगळ्या बायकांदेखत घटाघटा प्यायचा, मोठी ढेकर द्यायचा आणि म्हणायचा, "पाण्याला नाव नाय ठेवायचं."

तुमच्याकडेही असेल असा एखादा. नोकरी पाणीखात्यातली, पण ऐट अशी की उल्हास नदी याच्या बापाने खणलीय.

माझ्या बायकोचं आणि त्याचं हाडवैर. ती हंडा हुंगायची.

"भाऊ, गटाराचा वास येतोय."

"वैनी, गटार तुमच्या दारात. पाण्याला कशाला बोलता?"

"आणि काल अळी निघाली ती?"

"पाहुणी आली असेल. पाहुण्याचा असा पंचनामा करतात का?"

गल्ली हसायची. मीपण. मग ती घरात येऊन माझ्यावर डाफरायची आणि पाणी उकळायला ठेवायची.

खरं म्हणजे नळाचा पाइप गटारातूनच गेला होता. सगळ्यांना दिसायचा. फुटला की हा त्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायचा आणि म्हणायचा, "ऑपरेशन सक्सेस."

एका पावसाळ्यात गल्लीत कावीळ शिरली. समोरचा सिंधी मिठाईवाला आधी पिवळा पडला. बेसनाच्या लाडवांमध्ये बसायचा, त्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग पोरंटोरं. मग बाळंतपणाला आलेली आमची मुलगी. आई घरात पाणी उकळून देतेय, आणि पोरीला डोहाळे गल्लीतल्या बर्फाच्या गोळ्याचे.

डॉक्टर म्हणाला, पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट. आईसुद्धा जाते, मूलसुद्धा. घरी आल्यावर बायकोने हंडा हुंगलासुद्धा नाही. मला त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या सकाळी चावीवाला आला तो काळा गॉगल लावून. गळ्यात कावीळ उतरवायची मुळ्यांची माळ. वरात चुकलेला नवरदेवच. त्याने ग्लास भरला. बायको पुढे झाली आणि तिने त्याचा गॉगल ओढून काढला. डोळे हळदीसारखे.

"भाऊ, माझी पोर मरायला टेकलीय. आता तरी ठेव नाव."

त्याने ग्लास तसाच गटारात ओतला. गेला, गल्लीचं पाणी बंद केलं आणि रस्त्यातल्या व्हॉल्व्हच्या झाकणावर बसून राहिला. लोक धावून आले.

"ए, पाणी काय तुझ्या बापाचं आहे का?"

"बापाचं असतं तर सोडलं असतं. हा गू आहे. पाइप बदला, मग उठतो."

साहेब आला, नोकरी घालवतो म्हणाला. हा म्हणाला, "घालवा. टँकर पाठवा आधी."

टँकर आला. गटाराच्या बाहेरून नवा पाइप पडला, तेव्हा कुठे उठला. उठला म्हणजे दोघांनी उठवला.

आमची पोर वाचली. नातू झाला. चावीवाल्याचं लिव्हर मात्र गेलं ते गेलंच. देशीपण मारायचा, खोटं कशाला बोलू. नातवाच्या बारशाआधीच आटोपला.

बातमी आली तेव्हा बायको भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातांनी रडायला लागली.

मी म्हटलं, "अगं, रोज त्याला शिव्या घालायचीस ना?"

"मग आता कोणाला घालू?"

मला ते तेव्हा बाईमाणसाचं खूळ वाटलं.

आता तीपण गेली. नवा चावीवाला मोटरसायकलवर येतो, कोणाशी न बोलता चावी फिरवतो, जातो. पाणी चांगलं असतं. परवा मी मुद्दाम त्याला अडवलं आणि वास येतो, अळ्या निघतात म्हणून तोंडाला येईल ते बोललो. त्याने गाडी बंद केली.

"काका," तो म्हणाला, "घरी कोणी नाही का?"