आईच्या गुडघ्यांचा भाव

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ती पदवी आईच्या कष्टाची. वणीच्या बाजारात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकून तिने मला शिकवलं. त्या जोरावर गंगापूर रोडच्या एका आरोग्य-पाहणीच्या ऑफिसात नोकरी लागली. काम असं, की घरोघर जाऊन विचारायचं: दुखणं घेऊन दहा वर्षं जगाल, की ठणठणीत राहून त्याहून कमी? किती वर्षं सोडायला माणूस तयार होतो, त्यावरून दुखणं त्याला किती जड जातं ते ठरवायचं.

पहिला सराव आईवर केला. त्यात माझा डावही होता. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलेलं आणि ही दोन पावसाळे “बघू” म्हणत होती. तिच्याच तोंडून गुडघ्यांचा भाव वदवून घ्यायचा, म्हणजे विषय संपला.

“आई, या गुडघ्यांनी दहा वर्षं, की चांगल्या गुडघ्यांनी सात?”

“दहा.”

“आणि चांगल्या गुडघ्यांनी नऊ दिली तर?”

“अरे, दहा म्हटलं ना! जुडीचा भाव तरी मी असा फिरवते का?”

आम्हाला शिकवलं होतं, असं उत्तर आलं तर त्रास किरकोळ समजायचा. ही बाई तर खाटेवरून उठताना डॉक्टरांपासून देवापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची.

दादा, म्हणजे माझे वडील, आतून भाकरी थापता थापता ओरडले, “अरे, मला विचार! मी माझी पाच देतो, पण हिला उभी कर!”

“ऐकलंस?” आई म्हणाली. “मी उभी राहिले की भाकऱ्या परत माझ्याकडं. लग्न झाल्यापासून थापल्या. आत्ता कुठं आयतं ताट येतंय. गुडघे दुखतात, पण बसून दुखतात.”

आमच्या प्रश्नातलं ‘ठणठणीत’ म्हणजे तिच्या लेखी पुन्हा कामाला जुंपणं होतं. दादा उंबऱ्यात येऊन उभे राहिले. आत भाकरी करपली.

“बरं बाई,” ते म्हणाले, “ऑपरेशन झाल्यावर बी मीच करीन.”

“गडाकडं तोंड करून म्हणा.”

पिठाच्या हातांनी ते अंगणात गेले आणि सप्तशृंगीच्या डोंगराकडे बघून, देवीच्या साक्षीनं तेच पुन्हा बोलले.

“आता विचार,” आई म्हणाली.

“चांगल्या गुडघ्यांनी सात?”

“सहा बी चालतील.”

ऑपरेशन झालं. आता ती स्वतःच्या पायांनी चुलीपर्यंत जाते, दादांच्या मागे खुशाल उभी राहते आणि भाकरीच्या कडा चिरल्याचं सांगते.

दादा म्हणतात, “हिचे गुडघे दुखायचे तेव्हा माझी तब्येत लय चांगली होती.”