ऑगस्टात फुलणारा सोनटक्का

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या हडर्सफील्डच्या वरच्या अंगाला लोक जूनमध्येही स्वेटर काढताना दोनदा विचार करतात. तिथे स्टॅनली क्रॅब्ट्री केळी लावायचा. बस चालवून निवृत्त झालेला माणूस. शेजाऱ्यांकडे बटाटे आणि वाटाणे, ह्याच्याकडे केळी, माणसाएवढे नेचे आणि सोनटक्क्याची बेटं. ऑक्टोबर सरला की केळीची पानं छाटायची, खोडाभोवती जाळी उभी करून आत पेंढा ठासायचा, नेच्यांच्या शेंड्यातही पेंढा कोंबायचा. बायको एडना म्हणायची, "मला सर्दी झाली तर एक गोळी हातावर ठेवतोस आणि ह्यांना रजया!"

केळी मिरवायला, जीव मात्र सोनटक्क्यात. त्या हवेत सोनटक्का माजतो झकास, पण कळी धरेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो आणि पहिल्या हिवात कळीसकट काळा पडतो. स्टॅनने बियांपासून रोपं केली, उशिरा फुलणारी उपटून फेकली, उरलेल्यांच्या बिया धरल्या, पुन्हा पेरल्या. अकराव्या वर्षी एक रोप चक्क ऑगस्टात फुललं. केशरी फूल आणि वास थेट फाटकापर्यंत. ते बघायला एडना नव्हती, ती दोन वर्षांपूर्वीच गेली होती. रोपाला तिचंच नाव द्यायचं त्याने मनाशी पक्कं केलं.

पण गावच्या बागमंडळातल्या जुन्या लोकांचा एक दंडक होता. लागोपाठ तीन वर्षं फुलल्याशिवाय रोपाचं नाव तोंडातून काढायचं नाही, पाटीवर तर नाहीच. स्टॅन दंडक पाळणारा, मंडळात त्याने अवाक्षर काढलं नाही. दुसराही दंडक त्याने पाळला: गड्ड्याचा एक तुकडा भरवशाच्या माणसाकडे ठेवायचा. ही भेट नव्हे, ठेव. तुझं हिवाने गेलं तर माझ्याकडून ने, माझं गेलं तर मी नेईन. स्टॅनचा भरवशाचा माणूस म्हणजे डेरेक पॉगसन. तीस वर्षं एकाच डेपोत काढलेली, आणि स्टॅनच्या लग्नात चर्चमध्ये त्याच्या शेजारी अंगठी घेऊन उभा राहिलेलाही हाच.

दुसऱ्यांदा फुललं, आणि त्याच वर्षी, दोन हजार दहाचा डिसेंबर आला. तीन आठवडे जमीन दगड झाली होती. मे महिन्यात स्टॅनने पेंढा बाजूला सारला तर गड्डा हाताला लागला तो उकडलेल्या बटाट्यासारखा. तो तसाच मातीच्या हातांनी डेरेककडे गेला.

"माझं गेलं रे, डेरेक."

"माझंही." डेरेक फाटकातच उभा. "नुसता चिखल झाला. टाकला खतात."

"बघू तरी. एखादा डोळा जिवंत असतो."

"आता काय मढं उकरायचंय? जाऊ दे ना, स्टॅन."

चहाला ये म्हणाला नाही, हे स्टॅनच्या लक्षात आलं नाही. उलट त्यानेच डेरेकच्या पाठीवर हात फिरवला. इतका भाबडा माणूस बघितला की माझं डोकंच फिरतं.

पुढची दोन वर्षं डेरेकच्या मागच्या बागेत जायचा योग आला नाही. कधी त्याचा गुडघा दुखायचा, कधी मागे गवंडी लागलेले असायचे. तिसऱ्या ऑगस्टात त्याने धर्मादाय कामाला पैसे जमवायला बाग लोकांना खुली केली. मंडळाची पत्रकं घरोघर पडली होती, त्यामुळे स्टॅनला टाळणं काही शक्य नव्हतं. स्टॅन लिंबाचा केक घेऊन गेला. शेडला वळसा घालायच्या आधीच वास आला, आणि त्याचे पाय थांबले.

सात बेटं. केशरी. समोर पाटी: 'पॉगसनचा ऑगस्ट'. चहाचे कप घेतलेल्या बायकांच्या घोळक्यात डेरेक रंगात आला होता.

"अकरा वर्षं घातली ह्याच्यात! पहिल्या बिया गरम पाण्याच्या टाकीवरच्या कपाटात रुजवल्या, टॉवेलांच्या मध्ये. बायको खेकसायची, अंग पुसलं की मातीचा वास येतो म्हणून!"

सगळ्या हसल्या. ते कपाट स्टॅनच्या घरातलं, टॉवेल एडनाचे आणि खेकसणंही तिचंच. रोप उचललं तर उचललं, ह्या माणसाने स्टॅनच्या गेलेल्या बायकोचा राग सुद्धा उचलला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. स्टॅन घोळक्यातून पुढे आला.

"डेरेक, तुझं मेलं होतं ना?"

डेरेकने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "हा आमचा स्टॅन. ह्याची केळी बघा एकदा जाऊन, डोळे दिपतील! सोनटक्का तेवढा कधी जमला नाही बिचाऱ्याला."

स्टॅनने केक भिंतीवर ठेवला आणि निघाला. फाटकाशी डेरेकची बायको मॉरीन धापा टाकत आली. हातात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला गड्डा.

"घे, स्टॅन. त्याला नको सांगूस. मी त्याला किती वेळा म्हटलं, पण..."

स्टॅनने कागद जरा उलगडून बघितला. तीन ठसठशीत डोळे होते. त्याने कागद पुन्हा नीट मिटला आणि तिच्या हातात परत दिला.

"नको, मॉरीन. आता माझ्याकडे फुललं, तर लोक म्हणतील, डेरेकने दिलं."