कायदा बदलला नव्हता

विनू,

वर्धा स्टेशनवर गाडी हलली तेव्हा अण्णा खिडकीला धरून चार पावलं चालले. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस, निरोप देतानाही म्हणाले, "जे असेल ते लेखी कळव." तू माझी बॅग आत ढकलून घाम पुसत होतास. "दादा, मला बोलावशील ना?" मी मान हलवली. लेखी काही दिलं नाही.

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेजवळच्या लॉ लायब्ररीत माझं काम पुस्तकांचे खिसे भरण्याचं. कायद्याच्या जाड पुस्तकाला मागच्या पुठ्ठ्यात खिसा असतो. कायदा बदलला की पुस्तक फेकत नाहीत, बदलांची पातळ पुरवणी त्या खिशात घालतात. गुलाम माणसाला मालमत्ता ठरवणारे निकाल, आपल्या लोकांना नागरिकत्व नाकारणारा निकाल, सगळे अजून शेल्फवर आहेत. पुढे ते रद्द ठरले, पण फाडले कुणी नाहीत. नव्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढंच सांगतो, आधी मागे बघा, छापलेलं अजून खरं आहे का.

मी सिटिझन झालो आणि तुझ्यासाठी अर्ज करता येऊ लागला. फॉर्म आणला, तुझं नाव टाइपही केलं. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. अण्णांना अर्धांगवायू झाला होता, तू त्यांना उचलून अंघोळ घालत होतास. मी फॉर्म ड्रॉवरमध्ये सारला. तू इकडे आलास तर अण्णांना कोण उचलणार? मला परतावं लागलं असतं. म्हणून लिहिलं, "कायदा बदलला, भावांना बोलावणं बंद झालं." नव्या इमिग्रेशन कायद्याची तेव्हा चर्चा होतीच. खोटं खपलं.

ट्रंककॉलवर तू हसलास. "काय यार दादा, आमच्या कोर्टात निदान पुढची तारीख तरी मिळते!"

विनू, भावांचं बंद झालंच नव्हतं. व्हिसाची रांग लांब होती, एवढंच.

अण्णांना जाऊन वर्ष झालं. तू पंचेचाळिशीला आलास. परवा माझ्या मुलाला हे सगळं सांगितलं. "बट बाबा, ही बिलीव्ह्ड यू," तो इतकंच म्हणाला.

फॉर्म आता भरून ठेवलाय. पाठवू की नको, ते तू कळव. लेखी. माझी जुनी पत्रं ठेवली असशील तर फाडू नकोस, हे पत्र त्यांच्या मागे घाल. मागे न बघता माझा शब्द खरा धरणारा एक माणूस वर्ध्यात आहे, त्यालाच मी इतकी वर्षं घर म्हणत आलो. यापुढे तू आधी मागे बघशील.