बिनसहीचा कागद

तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या पार्लरची मालकीण ती, कामगार ती आणि केर काढणारीही तीच. खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की कात्री आणि जीभ एकदमच सुरू व्हायची. लोकांनी नाव ठेवलं होतं रेडिओ. तिला राग? छे! म्हणायची, "रेडिओ निदान सगळ्यांना सारखंच सांगतो."

आणि असल्या बाईला वक्तृत्व मंडळाने भाषणाच्या स्पर्धेची मतं मोजायला बसवलं! पण मंडळाच्या अध्यक्षबाई तिच्याचकडे केस कापून घेत, आणि त्यांनी एक पारखलं होतं. 'कुणाला सांगू नकोस' म्हणून सांगितलेली गोष्ट रेडिओने आजवर कधी फोडली नव्हती. "तसं कुणी म्हणतच नाही मला, त्याला मी काय करू?" हे तिचं म्हणणं.

काम तसं सोपं. पाच परीक्षक. प्रत्येकाने एका कागदावर पहिला, दुसरा, तिसरा लिहायचा आणि खाली सही करायची. सही नसेल तर कागद बाद. मोजणाऱ्या दोघांनी गुण मांडायचे, नावं द्यायची आणि कागद फाडून टाकायचे. कुणी कुणाला काय दिलं, हे त्या खोलीतच मरायचं.

यंदा घोडं अडलं ते रेडिओच्या नणंदेपाशी. ही धाकटी नणंद औषधांच्या दुकानात मागच्या खोलीत खोकी लावायची. चार माणसांत बोलायचं म्हटलं की हिला दरदरून घाम फुटायचा. दोन वर्षांपूर्वी याच स्पर्धेत भाषण अर्ध्यात विसरली आणि तशीच खाली उतरली. यंदा पार्लर बंद झालं की आरशासमोर उभी राहायची, आणि वहिनी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून ऐकायची. ऐकायची म्हणजे तोंड मिटून, हे विशेष! आणि नणंदेने बजावून ठेवलं होतं, "वहिनी, पहिल्या तिघांत आले नाही तर संपलं. पुन्हा माइकसमोर जाणार नाही. बस्स झालं हसं." बाई हट्टी, बोलली की केलंच.

रेडिओ अध्यक्षबाईंना म्हणाली, "यंदा मला सोडा. घरचं माणूस आहे." त्यांनी दुसरा माणूस शोधलाही, पण तो ऐन दिवशी तापाने आडवा झाला. "बस गं. तू मोजणार आहेस, ठरवणार नाहीस. आणि सोबतीला चष्मेवाले आहेतच," अध्यक्षबाई म्हणाल्या. चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे काका.

नणंद सगळ्यात शेवटी बोलली. वडिलांवर बोलली. वडील ठार बहिरे, त्यामुळे सगळं घर ओरडून बोलायचं. वडील गेले. पण घर अजून ओरडूनच बोलतं, कुणाला आवाज कमी करवतच नाही. हे तिने इतक्या हळू सांगितलं की मागच्या रांगेतली माणसं पुढे वाकली. कुठे अडखळली नाही. रेडिओच्या तर डोळ्यांना धारच लागली.

मग सभागृहामागच्या खोलीत, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या मध्ये टेबल ओढून दोघं बसली. पाचवा कागद उघडला आणि चष्मेवाल्यांनी जीभ चावली. "अगं, सही नाही की!"

अक्षर परीक्षक म्हणून आलेल्या हेडमास्तरांचं. उरलेल्या चारांवर सह्या होत्या, म्हणजे हा त्यांचाच, यात शंका नाही. पहिला नंबर: नणंदेचा. हा कागद धरला तर ती दुसरी. न धरला तर चौथी.

"दारापलीकडेच उभे असतील. हाक मारतो, करतील सही. कुणाचं काय जातंय?" चष्मेवाले उठलेसुद्धा. माणूस मनाने चांगला, त्यांनाही ते भाषण लागलं होतं.

रेडिओने त्या कागदाकडे पाहिलं. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. किती सोपा शब्द! मनात म्हणाली, देवा, नेमका हाच कागद का रे?

"काका, बसा," ती म्हणाली. "गेल्या वर्षी त्या शिंप्याच्या मुलीला पहिला नंबर देणारा असाच कागद आपण बाद केला. तेव्हा मारली होती का हाक?"

चष्मेवाले खाली बसले. कागद बाद झाला. निकालात नणंदेचं नाव नव्हतं. तिने टाळ्या वाजवल्या, पिशवी उचलली, आणि वहिनीला म्हणाली, "चल घरी. झालं माझं." रेडिओच्या तोंडातून शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदाच, असं म्हणायला हरकत नाही.

सभागृहाच्या पायऱ्यांवर हेडमास्तरांनी गाठलंच. चेहरा पडलेला. "बाई, माझ्या कागदावर सही होती ना हो? ते शेवटचं भाषण... माझे वडीलही असेच बहिरे होते. डोळे पुसावेत की लिहावं, सुचेना. सही केली की नाही, आठवतच नाही."

"सर, तिथलं मी बाहेर बोलत नाही," रेडिओ म्हणाली, आणि मान खाली घातली.

नणंद एक पायरी मागे उभी होती. सगळं ऐकलं तिने, आणि ती काही दुधखुळी नव्हती. हेडमास्तर गेल्यावर तिने विचारलं, "वहिनी, सही मागून घेता आली असती का गं?"

"मला विचारू नकोस. हवं तर बोलू नकोस माझ्याशी." रेडिओ हुंदके देऊन रडायला लागली, भर पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

नणंद एक पायरी उतरून तिच्या शेजारी आली. मग पिशवीतून रुमाल काढून आधी आपलं नाक पुसलं आणि तोच वहिनीच्या हातात दिला.

"पुढच्या वर्षी माझं पहिलं वाक्य ठरलं," ती म्हणाली. "परीक्षकहो, आधी सह्या करून घ्या, मग रडा."