आखाजीच्या दिवशी पाण्याचा साहेब

धुरपदाबाई वर्षभर चारचौघींसारखीच. म्हैस धुणार, उसाला माती लावणार, नवऱ्याला दोन घास जास्तीचे वाढणार. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की तिच्या जिभेला वारं भरायचं.

आमच्याकडे आखाजीला बार असतो. पांझरा नदीच्या या काठाला आमच्या बाया, पल्याडच्या काठाला त्यांच्या, मध्ये पोटरीभर पाणी, आणि डफ वाजला की एकमेकींना शिव्या. राग कुणाचाच नाही. ज्या शिवीला पल्याडची बाई पोट धरून खाली बसली, ती शिवी पावली. नियम एकच. जिचं तोंड आधी बंद पडलं तिचं गाव हारलं, मग वर्षभर साक्रीच्या बाजारात टोमणे खायचे. धुरपदाबाई सून म्हणून आली तेव्हापासून आमचं गाव हारलं नव्हतं. पल्याडची म्होरकी भागाबाई. धुरपदाबाईची पाठची सख्खी बहीण.

नव्वदच्या आसपास वरच्या टेकडीत खडीची खाण निघाली. खडी धुतलेलं पाणी सरळ नदीत. नदीतून बंधाऱ्यात, बंधाऱ्यातून दोन्ही गावांच्या पाटांत, आणि तिथून फडात. फड म्हणजे पाटाखालची गावाची बागायत, सगळ्यांचं पीक एक, पाणी पाळीनं. धुरपदाबाईचा तुकडा फडाच्या शेवटाला. तिच्या उसात पांढरा गाळ बसायचा, वाळला की त्याची पापडी. पाणी वरून पळायचं, मुळाला घोट नाही. ऊस कमरेला येऊन रुसला होता.

आता खाणवाल्याला बंधाऱ्यापर्यंत सरकायचं होतं. खाणीनं शेतीचं, पाण्याचं काय बिघडतं ते बघायला सरकारनं एक साहेब धाडला. साहेब 'बिघडतं' म्हणाला तर खाण जागेवर. 'नाही' म्हणाला तर धुरपदाबाईच्या उसाचं सरपण.

सरपंच शालिग्रामआबांनी साहेबाला नेमका आखाजीचा दिवस दिला. "त्या दिन बठ्ठा गाव घर ऱ्हास," म्हणाले. गाव घरी होतं खरं, पण गडीमाणसं पत्त्यांवर बसलेली, आबा सगळ्यांत पुढे. "साहेब, तुम्ही नदीवर व्हा, हाऊ डाव सरना की मी उनूच," म्हणून त्यांनी साहेबाला वाटेला लावलं.

साहेब पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या खळखळवत काठावर आला तर समोर रणकंदन.

"भागे वं! आमनं पानी चोरीसन तुम्हना ऊस वाढना! निलाजऱ्या!" धुरपदाबाई कंबरेला पदर खोचून.

"तुना नवरा पाटना तोंडवर घोरत पडस, त्याले इचार पानी कोठे जास!" भागाबाई.

"आठे ये, तुले याच वाळूत गाडसू!"

"तू ये! तुनी झिपरीना दोर करीसन मोटले बांधसू!"

इकडे डफ, तिकडे डफ, बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर. साहेबाचं मात्र तोंड उतरलं. झाडाखाली बसून तो लिहायला लागला. आमची एक सून पाणी घेऊन गेली, तिला म्हणाला, "कळलं मला. तुमच्या दोन गावांचं पाणीचोरीचं जुनं भांडण आहे. खाणीचा काही संबंध नाही."

सून पळत आली आणि धुरपदाबाईच्या कानाला लागली.

धुरपदाबाईच्या ओठावर पुढची शिवी तयार होती. बरीच मोठी होती, भागाबाईच्या सासऱ्यापासून सुरू होणारी. तिनं साहेबाकडे पाहिलं, पल्याड पाहिलं, आणि ती शिवी गिळली. तोंड बंद करून सरळ झाडाकडे चालू लागली.

पल्याड गहजब! "हारनी वं हारनी! धुरपदा हारनी!" बाया पाण्यात उतरून नाचायला लागल्या. आमच्या बायांनी कपाळावर हात मारले.

"साहेब, ते खोडा," धुरपदाबाई म्हणाली. "हाई भांडन नही, हाऊ आमना सन शे. ती मनी बहीन शे, सख्खी."

"बहीण? अहो, तुम्ही तिला वाळूत गाडणार होतात!"

"आज गाडसू. सकाय तिनाच घर आमरस खावाले जासू."

साहेबाला पटेना. तेवढ्यात नाचत-नाचत भागाबाईच आली, बहिणीला खिजवायला. काय घोटाळा झालाय ते कळल्यावर तिचे पाय थांबले. दोघी एकदमच बोलायला लागल्या. साहेबाला एकीचंही कळेना, म्हणून एकीनं त्याचा डावा हात धरला, दुसरीनं उजवा, आणि चपलांसकट त्याला नदीत घातला. आधी आमच्या पाटावर नेला, मग पल्याडच्या. दोन्हीकडे धुरपदाबाईनं पाटाच्या तळातून ओंजळभर गाळ काढून त्याच्या हातावर थापला. तोच पांढरा, तोच चिकट.

"चोरी ऱ्हाती तर एकना पाटमां पानी आनि एकना कोरडा ऱ्हाता," भागाबाई म्हणाली. "आठे दोन्हीसना गळामां एकच चुना शे."

साहेबानं हातावरचा गाळ बोटानं चोळून पाहिला, आणि मग जो हसत सुटला तो थांबेचना. भिजल्या चपला हातात घेऊन नदीच्या कडेकडेनं खाणीपर्यंत चालत गेला, जागोजागी बाटल्या भरल्या. संध्याकाळी चावडीवर सगळ्यांसमोर त्यानं लिहिलेलं खोडलं आणि वाचून दाखवलं: गाळ खाणीचा, दोन्ही पाट बुजतात, खाणीला एक पाऊलही पुढे टाकू देऊ नये.

धुरपदाबाई पुढे झाली. "साहेब, अजून एक लिखा. मी हारेल नही."

"बाई, ते माझ्या खात्यात येत नाही."

"लिखू नका साहेब!" मागून भागाबाई ओरडली. "हारेल शे! बठ्ठास्नी दखेल शे!"

धुरपदाबाई वळली. गिळलेली शिवी अजून तशीच ताजी होती. चावडीवर, साहेबासमोर, भागाबाईच्या सासऱ्यापासून तिनं सुरुवात केली.