कानबाईचं जाकीट

होडीचा पंखा थांबला आणि होडी आडवी झाली. पाण्याच्या ओढीनं ती विजेच्या खांबावर आपटली. माझी धाकटी जाऊ समोरच्या कडेला बसली होती, ती मागच्या मागे पाण्यात गेली. हात गुंतलेले, त्यामुळे तिला कशाला धरता आलं नाही. अंगात जाकीट नव्हतं. जाकीट तिनं कानबाईला घातलं होतं.

कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची श्रावणातली देवी. नारळाला नथ आणि डोळे लावून रविवारी तिला चौरंगावर बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. मधे उठवत नाहीत. सुरतेला आलो तरी हे सुटलं नाही. त्या वर्षी नेमक्या त्याच रविवारी गल्लीमागची खाडी, म्हणजे सुरतेतला मोठा नाला, भरली. पाऊस बारडोली-पलसाण्याकडे पडतो आणि पाणी आमच्या गल्लीत येतं, हे आम्हाला नवीन नाही. खालची खोली बुडली की सगळे माडीवर चढतात.

नवीन होती ती होडी. अग्निशमनवाल्यांसाठी पालिकेनं मोटारीच्या रबरी होड्या घेतल्या, तेव्हा नगरसेवकानं आमच्या चौकात एक होडी ट्रकवर आणून दाखवली होती. हार घातला, पेढे वाटले. माझ्या शेजारणीनं त्याला विचारलं, "आमच्या गल्लीत रिक्षा येत नाही, ही कशी येईल?"

तो म्हणाला, "मावशी, रिक्षा बुडेल तेव्हा ही येईल."

सगळे हसले. एक म्हातारा मागून बोलला की एवढ्या पैशात खाडीतला गाळ निघाला असता. नगरसेवकानं तेही होईल म्हणून सांगितलं. माझं म्हणाल तर मला दोन्ही हवं होतं.

होडी आली, हे खरं. पहिल्या फेरीत माझा मुलगा, जावेचा मुलगा, सुना आणि पोरं उंचावरच्या शाळेत पोचली, तिथं पूरग्रस्तांची सोय होती. होडीत चढायच्या आधी पुतण्यानं आईला दंडाला धरून ओढलं होतं.

"माय, चाल ना."

"तुले जानं व्हई ते जाय. कानबाईले सोडीसन मी नही येस."

मी मागे राहिले ती भक्तीमुळे नाही. होडीत जागा नव्हती.

दुसऱ्या फेरीला पाणी जिन्याच्या वरच्या पायरीशी आलं होतं. होडीत दोन जवान होते, एक इंजिनावर, एक पुढे. पुढचा गुजराती पोरगा समजूतदार होता. तो म्हणाला, "माजी, माताजीने साथे लई लो." असं कोणी म्हणेल हे जावेच्या डोक्यात आलं नव्हतं. तिनं कानबाईला चौरंगावरून उचलून पदरात घेतलं आणि होडीत बसली. जाकिटं दोनच उरली होती, पहिल्या फेरीतली पोरं अंगातली जाकिटं घालूनच शाळेत उतरली होती. एक मी घातलं. दुसरं जावेनं देवीभोवती गुंडाळून पट्टे लावले.

जवान म्हणाला, "माजी, ए तो नारियेळ छे. ए तरशे. तमे नहीं तरो."

"नारियल तेरे घर में," जाऊ म्हणाली. "ये मेरी माय है."

तो पट्टे सोडायला वाकला तशी तिनं त्याच्या हातावर चापट मारली. मी तिला म्हटलं, मूर्खासारखं करू नको. ती म्हणाली, "बाई, तुम्ही तुमचं बघा." शाळा समोर दिसत होती. इंजिनावरचा म्हणाला, जाऊ दे, लगेच पोचतो.

पंख्यात अडकल्या त्या साडीच्या चिंध्या. आमच्या गल्लीत घराघरात बाया साड्यांचे धागे कापतात, काठ लावतात, आणि उरलेलं कापड खाडीच्या काठावर टाकतात. पाणी चढलं की ते सगळं गल्लीत फिरतं. होडी घेणाऱ्यांनी नदी पाहिली असेल, आमचं पाणी पाहिलं नसावं. आम्हीही कोणी सांगितलं नाही.

जाऊ पडताच पुढच्या जवानानं कमरेला दोर बांधून उडी मारली. इंजिनावरचा ब्लेडनं पंख्यावरचं कापड कापत होता आणि एका हातानं दोर धरून होता. पाण्यातला वर आला तेव्हा त्याच्या मुठीत साडी होती. मी पाहिली. ती जावेची नव्हती, चिंधीतली होती. तो परत खाली गेला. परत रिकामा आला. मग त्याला उलटी झाली आणि दुसऱ्यानं त्याला वर ओढून घेतलं.

जाऊ सोमवारी पहाटे पाणी उतरल्यावर पुलापाशी सापडली. कानबाई त्याच्या आधीच एका सोसायटीच्या फाटकाला लागली होती, पट्टे तसेच लावलेले. तिथल्या गुजराती बायांनी तिला ओट्यावर ठेवून दिवा लावला. अग्निशमनचा माणूस जाकीट न्यायला आला, सामान मोजून परत द्यावं लागतं म्हणाला. पुतण्यानं पट्टे सोडून दिले. आम्हाला सुतक, म्हणून त्याच सोमवारी शेजाऱ्यांनी देवी नेऊन बोळवली.

पुढे पालिकेनं पंख्यांना जाळ्या बसवायचं मंजूर केलं. जाकिटंही जास्त घेतली. आता पहिल्या फेरीतली जाकिटं काढून परत होडीत टाकतात, हे मी नंतरच्या पुरात पाहिलं. जाळ्या मला पाण्याखाली दिसल्या नाहीत, पण होडी थांबली नाही. चिंध्या अजून खाडीवरच पडतात.

त्या होडीत आम्ही चौघं होतो. दोघे जवान जगले आणि मी जगले.