फ्राऊ आई पोहायला शिकल्या

फ्रँकफर्टमध्ये बरीच वर्षं काढल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर मी पोहायला शिकायचं ठरवलं. कारण माझी लेक. दर उन्हाळ्यात ती तळ्यात सूर मारायची आणि मी काठावर सगळ्यांचे टॉवेल सांभाळत बसायचे. एकदा तिने जर्मनमध्ये सरळच विचारलं, "तुला पाण्याची भीती वाटते का गं?" मीही जर्मनमध्येच "या", म्हणजे हो, म्हणून मोकळी झाले. खोटं किती दिवस बोलणार!

आमच्या भागातल्या बंदिस्त पोहण्याच्या तलावावर शनिवारी सकाळी फक्त बायकांचा वर्ग असे. शिकवणारी उंच, काळीभोर, खणखणीत आवाजाची. आईवडील घानाहून आलेले, ही मात्र जर्मनीतच जन्मलेली. "तू कुठली?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "ऑफेनबाखची." त्यावर फ्रँकफर्टच्या बायका खो खो हसायच्या, कारण या दोन शेजारगावांचं पिढ्यान्‌पिढ्या पटत नाही. पण एखादी चिकटून बसायची, "तसं नाही, खरी कुठली?" मग ही तितक्याच गोड आवाजात सांगायची, "खरी ना? ऑफेनबाख स्टेशनच्या मागची."

त्या वर्षी सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. घरात एकट्या कंटाळतील म्हणून मी त्यांना तलावावर नेऊ लागले. साडी जरा वर खोचून त्या बाकावर बसत आणि तिथून मोठ्याने सूचना करत. "अगं, पाय मार पाय! नुसती लोंबकळतेयस काय!" मी पाण्यातून "अहो आई, मारतेय!" म्हणत राही. शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, 'आई' हे त्यांचं आडनावच. तेव्हापासून सासूबाईंचं तिथलं नाव 'फ्राऊ आई', म्हणजे श्रीमती आई, असं पडलं. त्यांना ते फारच आवडलं.

एका शनिवारी वर्गात एक नवीन बाई आली. शिकवणारी गळ्यात शिट्टी अडकवून समोरच उभी होती. तिच्या शेजारून ही बाई पुढे गेली आणि पाण्यात कठड्याला घट्ट धरून उभ्या असलेल्या एका गोऱ्या निवृत्त बाईंना म्हणाली, "तुम्हीच शिकवता ना?"

"मी?" त्या बिचाऱ्या ओरडल्या, "मी इथे जीव मुठीत धरून उभी आहे!"

सगळ्या हसल्या. नवीन बाई लालबुंद झाली, आणि सावरायला गेली ती आणखीच घसरली. शिकवणारीला म्हणाली, "मी कुठेतरी वाचलं होतं, तुमच्या लोकांची हाडं जड असतात, त्यांना तरंगता येत नाही."

आता कुणी हसलं नाही. शिकवणारी म्हणाली, "असेल. मग तर बरंच झालं. तुम्ही बुडालात तर तुमच्याआधी मी तळाशी पोचलेली असेन, झेलायला. चला, उतरा पाण्यात."

वर्ग संपल्यावर कॉफी मशीनपाशी सासूबाईंनी मला विचारलं, "ती बाई काय म्हणाली गं, की सगळ्या एकदम गप्प झाल्या?" मी सांगितलं. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. शेजारी कॉफी घेणाऱ्या शिकवणारीकडे बोट करून "हिला माझं सांग," म्हणाल्या. "मला बघायला पाहुणे आले होते. मी सावळी, धाकटी बहीण गोरीपान. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर मुलाची आई माझ्या हातून बशी घेऊन दारातल्या धाकटीला म्हणते, ये गं बाळ, बस अशी समोर. मी म्हटलं, नवरी मी आहे. आणि पोहेही मीच केलेत."

मी जर्मनमध्ये सांगितल्यावर शिकवणारी इतकी हसली की तिची कॉफी सांडली. "मग?"

"मग काय," सासूबाई म्हणाल्या, "ते स्थळ मीच नाकारलं."

हे मलाही नवीन होतं.

मग शिकवणारी आपलं सांगू लागली. शाळेत तिला सगळे म्हणत, तू धावण्याच्या शर्यतीत जा, पोहणं तुमच्यासाठी नाही. तिची आई म्हणाली, तुला पोहायचंय ना, मग पोह. ती आई समुद्रकाठी वाढलेली, पण पाण्यात उतरायचं ते भावांनी. ही पोहायची तेव्हा ती रोज तलावावर कोट घालूनच बाकावर बसायची. "मी शिकवायला लागले तेव्हा माझी पहिली विद्यार्थिनी तीच," शिकवणारी म्हणाली. "साठीत शिकली."

सासूबाईंनी ते दोनदा माझ्याकडून ऐकून घेतलं. त्यांचे भाऊ पाठीला भोपळा बांधून विहिरीत उड्या मारायचे आणि या वर कपडे राखत बसायच्या. "मी सत्तरीला टेकले," त्या म्हणाल्या, "म्हणजे फार काही उशीर नाही झालेला. विचार तिला, घेते का मला."

घरी नवरा म्हणाला, "आई, गुडघ्यांचं काय?" त्या म्हणाल्या, "पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही. तुझ्याच डॉक्टरने सांगितलंय." मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख आणला. आरशात बघून म्हणाल्या, "सर्कशीत घेतील मला." पण अंगातून काढला नाही.

पुढचे सगळे शनिवार आम्ही सासू-सुना एकाच रांगेत कठडा धरून पाय मारत होतो. नवीन बाई पुन्हा आली. आल्या आल्या तिने शिकवणारीशी बाजूला जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलून घेतलं. शिकवणारीने ऐकलं, मान हलवली आणि "बरं, आता श्वास पाण्यात सोडा," म्हणून तिला कामाला लावलं.

सासूबाईंना उताणं तरंगणं चटकन जमलं. एका सकाळी त्या छताकडे बघत, रामनाम घेत, हात हलवत निघाल्या, आणि थेट पलीकडच्या भिंतीवर डोकं टेकल्यावर दचकून म्हणाल्या, "कोण आहे?" तलाव ओलांडला होता. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. लेक त्या दिवशी मुद्दाम आली होती. ती काठावरून "सुपर, आजी, सुपर!" ओरडत होती आणि मला रडू येत होतं. मी अजून अर्ध्यातच दम खायला थांबत होते.

सासूबाई सांगलीला परत गेल्या. महिन्याभराने फोन आला. तिथल्या तलावावर बायकांसाठी वेगळी वेळ नव्हती, तर सासूबाई चार मैत्रिणींना घेऊन तलावाच्या ऑफिसात जाऊन बसल्या, वेळ मिळेपर्यंत उठल्या नाहीत. आता आठवड्यातून दोन दिवस सकाळी बायकांचा वर्ग भरतो.

"शिकवायला कोण आहे?" मी विचारलं.

"एक मुलगी ठेवलीय त्यांनी. चांगली आहे, पण घाबरट," त्या म्हणाल्या. "मला म्हणते, आजी, कठडा सोडू नका. मी म्हटलं, तू शिट्टी वाजव, बाकीचं मी बघते."